खाली घेतलेला हात

इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीच्या, टेबलावर माझं पिस्तूल नापास झालं.

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. १० मीटर एअर पिस्तूल, महिला गट, माझी पहिली राष्ट्रीय स्पर्धा. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी सिलिंडरमध्ये हवा आहे ना ते पाहिलं, पिस्तूल कॉक केलं, नळी वर करून सरळ उभं धरलं आणि ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं. ते वजन टेबलावरून अलगद उचललं गेलं पाहिजे आणि तरीही ट्रिगर सुटता कामा नये, अशी ती परीक्षा. वजन जेमतेम बोटभर वर गेलं असेल नसेल, तोच फट् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा फट्.

"हलका आहे. नीट करून आणा," ते शांतपणे म्हणाले. सकाळपासून असे कितीतरी जण त्यांच्यासमोर आले असणार. माझे मात्र कान तापले होते.

सर, माझे कोच, मागेच उभे होते. ट्रिगर ५१०-५१५ ग्रॅमवर ठेव, काठावर ठेवू नकोस, असं ते महिनाभर सांगत होते. मी तो ५०२ वर ठेवला होता. हलका ट्रिगर म्हणजे स्वच्छ शॉट असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पण आमच्या रेंजवरचं वजन आणि इथलं वजन यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक असू शकतो, वजन उचलताना बसणारा हिसका वेगळा असू शकतो, याचा मी विचारच केला नव्हता. बाजूला जाऊन अ‍ॅलन कीने स्क्रू पाव फेरा आवळला आणि परत रांगेत उभी राहिले. या वेळी वजन उचललं गेलं, ट्रिगर जागचा हलला नाही.

बाकीचं सगळं पटापट झालं. पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं, ते होतं. ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटरच्या पेटीत ते मावायला हवं, ते मावलं. बूट घोट्याच्या खाली, तळवा वाकणारा. पिस्तुलावर स्टिकर लागला आणि मी बाहेर पडले. पण डोक्यात ट्रिगरमध्ये वाढलेले ते पंधराएक ग्रॅम घुमत होते. पंधरा ग्रॅम कोणाला कळतात, असं वाटेल. ज्या पेराने हजारो वेळा एकाच दाबावर शॉट सोडला आहे, त्या पेराला ते कळतात.

रात्री मुक्कामाच्या खोलीत कोऱ्या भिंतीसमोर ड्राय करायला उभी राहिले. ड्राय म्हणजे छर्रा न भरता, हवा न सोडता केलेला सराव. सरांनी निघताना एकच सांगितलं होतं, "आज ट्रिगर मारू नकोस. हात वर ने, स्थिर कर, आणि खाली घे. वीस वेळा. बस." मी ते तीन-चार वेळा केलं आणि सोडून दिलं. मला नवा ट्रिगर बोटात बसवायचा होता, म्हणून चाळीसेक शॉट ड्राय मारले आणि समाधानाने झोपले. सर काय सांगत होते ते मला दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या सिरीजमध्ये (दहा शॉटची एक सिरीज) कळलं.

ज्यांनी कधी एअर पिस्तूल हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही एका हाताने मारतो. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा, म्हणजे खांदे हलत नाहीत. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्याला कशाचाही आधार चालत नाही. टार्गेटवरचा दहाचा गोल ११.५ मिलीमीटरचा असतो आणि नऊ, आठ, सात अशी प्रत्येक रिंग त्याच्याबाहेर ८ मिलीमीटरने वाढत जाते. काळा भाग सात ते दहा, सगळा मिळून ५९.५ मिलीमीटर. त्या काळ्यावर आम्ही नेम धरत नाही. त्याच्या खालच्या पांढऱ्यात पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, ठेवतो आणि नजर साइटवर रोखतो. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. नवशिक्याला हे पटतच नाही. मलाही पहिले काही महिने पटलं नव्हतं.

यामागचं गणित साधं आहे. माझ्या पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटीमीटर अंतर आहे. सगळा हात एक मिलीमीटर हलला तर छर्राही टार्गेटवर एखादा मिलीमीटरच सरकतो, त्याने काही बिघडत नाही. पण मनगट लचकून पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलीमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर तोच फरक ३० मिलीमीटर होतो. दहाच्या जागी थेट सात. म्हणून हात हलतोय याची भीती बाळगायची नसते, मनगट आणि बोट यांची बाळगायची.

आणि हे सगळं जुळून येतं ते मोजक्या सेकंदांसाठी. हात वरून खाली उतरतो, पहिले तीन-चार सेकंद स्थिरावण्यात जातात, पुढचे तीन-चार सेकंद सगळ्यात चांगले. त्यात शॉट सुटला नाही तर पुढे खांदा दमतो, श्वास अडतो आणि डोळा फसवायला लागतो. साइटचं चित्र डोळ्यावर छापल्यासारखं राहतं. प्रत्यक्षात साइट हललेली असते, तुम्हाला मात्र ती जागेवरच दिसते. अशा वेळी शॉट न मारता हात खाली घ्यायचा, दोन श्वास घ्यायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचं. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. हात खाली घ्यायला वेळ पुरतो. पुरत नाही तो धीर.

सकाळी माझी दुसरी डिटेल, म्हणजे एका वेळी मारणाऱ्यांची दुसरी तुकडी, होती, लेन ३७. आमच्या रेंजवर मोजक्या लेन, त्यामुळे मारताना शेजारचा श्वाससुद्धा ओळखीचा. इथे डावीकडे पाहिलं तर रांग संपतच नव्हती. प्रत्येक लेनला टेबल, त्यावर छोटा मॉनिटर, समोर पांढऱ्या प्रकाशात ठेवलेलं टार्गेट. पहिली डिटेल सुरू होती आणि साठ-सत्तर पिस्तुलांचा तो फट्, फट्, फट्फट् आवाज छताखाली भरून राहिला होता. अर्धा तास मी मागच्या खुर्चीत बसून तो आवाज कानाला सवयीचा करून घेतला. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: आपल्या डिटेलच्या आधीची डिटेल बसून ऐका. स्कोअर बघू नका, फक्त ऐका.

डिटेल बोलावल्यावर सामान मांडलं. छर्रे मी घरूनच निवडून आणले होते, कडा दबलेला एकही नको म्हणून भिंगाखाली पाहून. मॅचचे साठ वेगळ्या ट्रेमध्ये, दहा-दहाच्या सहा ओळींत. साइटरसाठी, म्हणजे मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या शॉटसाठी, वेगळी डबी. याचं कारण असं की एकदा मॅच सुरू झाली आणि छर्रा न भरताच हवा सुटली, तर तो शॉट शून्य धरला जातो. ट्रेमध्ये ओळी असल्या की छर्रा भरला की नाही याची शंका राहत नाही. दुसरी भीती लेनची. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅट एमन्सने रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटचा शॉट शेजारच्याच्या टार्गेटवर मारला. सुवर्णपदक समोर होतं, तो आठवा आला. इतका मोठा नेमबाज चुकू शकतो, तर मी कोण! म्हणून टार्गेटवरचा ३७ हा आकडा मी प्रत्येक शॉटच्या आधी मनात वाचायचं ठरवलं.

"प्रिपरेशन अँड साइटिंग टाइम, स्टार्ट." पंधरा मिनिटं. यात हवे तितके साइटर मारता येतात. पिस्तूल उचललं आणि पुढची साइट ठोके देत होती. अगदी शब्दशः. प्रत्येक ठोक्याला ती किंचित वर उडत होती, पुन्हा खाली. सरावात असं कधीच दिसलं नव्हतं. ठोके मंद करणारी औषधं, बीटा ब्लॉकर, नेमबाजीत पूर्ण बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूच्या नमुन्यात प्रोप्रानोलॉल सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेतली गेली. म्हणजे या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या साइटला ठोके आहेत, कमी किंवा जास्त. हे मनाशी म्हटल्यावर मला बरं वाटलं. चौदा साइटर मारले. शेवटचे पाच डावीकडे जात होते, मागची साइट दोन क्लिक फिरवली.

मग "स्टॉप". आणि त्यानंतरची शांतता. मॉनिटर मॅचवर गेला, स्क्रीनवरचे माझे सगळे साइटर पुसले गेले.

"मॅच फायरिंग, स्टार्ट."

पहिला शॉट सोडायला मला चार मिनिटं लागली. हात तीन वेळा वर नेला, तीनदा खाली घेतला. आजूबाजूला फट् फट् सुरू झालं होतं आणि मी अजून शून्यावर. चौथ्यांदा सुटला, आठ. दुसरा नऊ, तिसरा दहा. त्या दहानंतर छाती जरा सैल झाली. पहिली सिरीज ९३. माझी सरावातली सरासरी ९३ च्या आसपासच होती, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

पण चार मिनिटं वाया गेली ही बोच मनात राहिली होती. दुसऱ्या सिरीजमध्ये मी नकळत घाई करू लागले. ९१ आले. त्यातले दोन शॉट सुटता सुटताच कळले की हे गेले.

तिसऱ्या सिरीजबद्दल सविस्तर लिहिते, कारण मी तीच घेऊन परत आले.

नऊ, नऊ, दहा, आठ. पाचव्याला हात चांगला बसला होता. साइट मध्ये, पांढरी पट्टी दोन्हीकडे सारखी. बोटाने दाब सुरू केला आणि तो नवा ट्रिगर नेहमीच्या जागी सुटला नाही. पंधरा ग्रॅम. मी थांबले. दाब तसाच धरून ठेवला. पाच सेकंद, सहा, सात. चित्र अजून सुंदर दिसत होतं. आत कुठेतरी कळत होतं की हात खाली घ्यायला हवा, पण इतकं चांगलं चित्र सोडून देववेना. आठ, नऊ. आणि मग बोटाने मनाला न विचारता ट्रिगर ओढला. ज्याला आम्ही जर्क म्हणतो तोच. मॉनिटरवर ठिपका उमटायच्या आधीच मला मनगटात कळलं होतं. सहा. उजवीकडे खाली... नाही, डावीकडे खाली. मी उजव्या हाताने मारते, माझा जर्क नेहमी तिकडेच जातो. गंमत म्हणजे त्या क्षणी मला दिशाही उलटी आठवली.

पुढचा आठ. मग नऊ, नऊ, दहा, नऊ. बेरीज ८७.

मॉनिटरकडे बघत उभी राहिले. त्या क्षणी टोकियो आठवलं. पहिल्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल मधेच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि परत लेनवर येऊन तिने ५७५ मारले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य मिळवलं. माझं पिस्तूल तर धडधाकट होतं. बिघडलेलं होतं ते वेगळंच.

पिस्तूल रिकामं केलं, सेफ्टी फ्लॅग घातला, टेबलावर ठेवलं आणि रेंज ऑफिसरला हात करून मागे गेले. लेनवर असताना कोचने बोलायचं नसतं, खुणा चालतात. बोलायचं असेल तर खेळाडूनेच लेन सोडायची. सर कठड्यापाशी उभे होते. मला वाटलं ते ट्रिगरबद्दल विचारतील, सहाबद्दल विचारतील.

"या सिरीजमध्ये किती वेळा खाली आलीस?" त्यांनी विचारलं.

मी आठवू लागले. आठवेना, कारण आठवण्यासारखं काही नव्हतं.

"एकदाही नाही, सर."

"बरं. किती मिनिटं राहिली?"

"अडतीस."

"तीस शॉट, अडतीस मिनिटं. जा. न आवडलेला एकही मारू नकोस." एवढंच. पाण्याची बाटली पुढे केली, मी दोन घोट घेतले आणि परत लेनवर आले.

चौथ्या सिरीजचा पहिला शॉट. हात वर, उतरला, स्थिर झाला, दाब सुरू, सुटला नाही. खाली घेतला. तो हात खाली घेणं किती अवघड होतं हे शब्दांत सांगता येत नाही. सगळं शरीर म्हणत होतं की आता सोड, संपव. कोपर थोडी वाकवून पिस्तूल टेबलावर टेकवलं, पकड सैल केली, बोटांत रक्त परत येताना मुंग्या आल्या. दोन श्वास. ३७ वाचला. पुन्हा वर. या वेळी ट्रिगर कधी सुटला ते मला कळलंच नाही, आणि आमच्या खेळात याहून चांगली खूण नाही. दहा. आतला दहा, पाच मिलीमीटरच्या गोलातला.

त्या सिरीजमध्ये ९४ आले, पाचवीत ९५. मी स्कोअर बघत होते, पण आता तो आकडा दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा वाटत होता. डोक्यात एकच प्रश्न होता: हा मारण्यासारखा आहे का? नसेल तर खाली. नव्या ट्रिगरची ओळखही याच वीस शॉटमध्ये झाली. पंधरा ग्रॅमचं काही भय नव्हतं. थांबलेल्या दाबाचं होतं.

शेवटच्या सिरीजमध्ये घड्याळ अंगावर आलं. "दहा मिनिटं शिल्लक" अशी घोषणा झाली तेव्हा माझे आठ शॉट बाकी होते. "पाच मिनिटं" ऐकू आलं तेव्हा चार. वेळेत न मारलेला शॉट शून्य, हे प्रत्येकाला पाठ असतं. आजूबाजूच्या बहुतेक लेन शांत झाल्या होत्या. उजवीकडच्या ताई कधीच सामान आवरून पाय न वाजवता मागे सरकल्या होत्या. शेवटच्या शॉटला साधारण दोन मिनिटं उरली होती. हात वर नेला, साइट मधोमध आली, आणि खांद्यात हलकी थरथर जाणवली. खाली घेतला. मागे कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला, किंवा मला तसा भास झाला. पुन्हा वर. नऊ.

९३. एकूण ५५३.

हा स्कोअर अंतिम फेरीच्या जवळपासही नव्हता. तिथे पहिल्या आठ जणी जातात आणि त्या फार वरच्या आकड्यांत मारतात. माझ्या सरावाच्या सरासरीहूनही पाच गुण कमी होते. तरी पिस्तूल आवरताना हात हलके झाले होते.

लेनवरून उतरते न उतरते तोच एका अधिकाऱ्याने थांबवलं. मॅचनंतरच्या तपासणीसाठी चिठ्ठ्यांतून निवडलेल्या लेनमध्ये ३७ होती. पुन्हा तेच टेबल, तीच उभी नळी, तेच ५०० ग्रॅम. इथे नापास झालं तर परत स्क्रू आवळायची संधी नसते, थेट बाद. वजन टेबलावरून वर आलं. स्थिर लटकलं. आवाज नाही. "ओके," ते म्हणाले आणि यादीवर खूण केली. ५०२ ग्रॅम घेऊन मी आज या टेबलापाशी उभी असते तर, या विचाराने पोटात गोळा आला तो तेव्हा, मॅच संपल्यावर.

सर बाहेर पायरीवर बसले होते. त्यांच्या हातात त्यांची ती छोटी वही होती, जिच्यात ते प्रत्येक मॅचला काहीतरी लिहितात. आजवर मला वाटायचं की ते स्कोअर लिहितात. त्यांनी ती माझ्याकडे दिली. पानावर सहा ओळी होत्या, एक ते सहा, आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीच्या छोट्या उभ्या रेघा. पहिल्या ओळीत पाच. दुसऱ्या ओळीत एक. चौथ्या ओळीत सात, पाचव्या ओळीत सहा, सहाव्या ओळीत चार. स्कोअर कुठेच नव्हता.

"स्कोअर तुझ्या लक्षात असेल. तो तू भर," असं म्हणून त्यांनी पेन्सिल दिली.

मी वरून सुरुवात केली. ९३, ९१. तिसऱ्या ओळीत एकही रेघ नव्हती, नुसता कोरा कागद. तिथे मी ८७ लिहिलं.